बोन प्रोफाइल, सेस्टामिबी की बायॉप्सी? पॅराथायरॉइडनं पोखरलेल्या हाडांच्या तपासण्यांचं परीक्षण

जबडा एका बाजूनं सुजतो, दात हलायला लागतात, दातांचे डॉक्टर ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढतात आणि हाडाच्या जागी काळी पोकळी दिसते. किंवा जिना उतरताना पाय जरा वेडावाकडा पडतो, मांडीचं हाड मोडतं आणि एक्स-रेत कळतं, की मोडलेल्या जागी हाड आधीपासूनच पोखरलेलं होतं. तिथून चिठ्ठ्या सुरू होतात: एमआरआय, बोन स्कॅन, पेट स्कॅन, बायॉप्सी. घरात ‘कॅन्सर’ हा शब्द कुणी उच्चारत नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो. यातल्या काही पेशंटच्या हाडात कॅन्सर नसतोच. गळ्यात थायरॉइडच्या मागे बसलेली, एरवी मसुराच्या दाण्याएवढी पॅराथायरॉइड ग्रंथी वाढलेली असते आणि ती हाडातलं कॅल्शियम उपसत असते. हे ओळखायला लॅब आणि स्कॅन सेंटर जे जे विकतात, त्यातलं आधी काय घ्यावं, नंतर काय घ्यावं आणि काय घेऊच नये, याचं हे परीक्षण.

निकाल आधीच सांगून टाकतो. पूर्ण गुण मिळतात रक्तातल्या कॅल्शियमला. ही यादीतली सगळ्यात स्वस्त तपासणी आणि नेमकी हीच राहून जाते. सगळ्यात कमी गुण मिळतात रक्त न तपासता केलेल्या बायॉप्सीला. बाकी सगळं या दोन टोकांच्या मध्ये.

आधी थोडं आजाराबद्दल, म्हणजे पुढचे आकडे डोक्यावरून जाणार नाहीत. पॅराथायरॉइड, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या परावटू ग्रंथी, साधारण चार असतात. (त्या पहिल्यांदा नोंदल्या गेल्या माणसात नव्हे, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात; रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं होतं. माणसात त्या दाखवून दिल्या ईवार सँडस्ट्रोम यांनी, १८८० मध्ये.) या ग्रंथींचं हॉर्मोन म्हणजे पीटीएच. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की ते वाढावं आणि कॅल्शियम वाढलं की ते थांबावं, हा नियम. ग्रंथीत गाठ झाली, की ती नियम पाळत नाही. जास्तीचं पीटीएच हाड बांधणाऱ्या पेशींमार्फत हाड खाणाऱ्या पेशींना सतत कामाला लावतं. हाड विरघळतं, त्या जागी तंतुमय ऊतक भरतं, आत बारीक रक्तस्राव होत राहतात आणि रक्तातलं लोह साचून तो भाग तपकिरी होतो. म्हणून नाव ‘ब्राउन ट्यूमर’. नावात ट्यूमर असला तरी ही अर्बुदाची गाठ नाही; हाडाच्या झिजेचा तो शेवटचा टप्पा आहे. पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकात रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत कॅल्शियम आपोआप मोजलं जाऊ लागलं, तेव्हापासून तिथे हा टप्पा क्वचितच दिसतो. आपल्याकडे अजून दिसतो. कॅल्शियम उशिरा मोजलं जातं आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी आहे, ही त्यामागची दोन मोठी कारणं.

लॅबचं ‘बोन प्रोफाइल’ पॅकेज

जवळपास प्रत्येक लॅब या नावाचं काहीतरी विकते. आत काय काय आहे, ते मात्र लॅबगणिक बदलतं. बहुतेक ठिकाणी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व असतं. पीटीएच बऱ्याचदा नसतं, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज) तर सहसा नसतं. म्हणजे हाडाच्या नावानं विकलं जाणारं पॅकेज हाडाच्या या आजारासाठी अर्धवटच. बुकिंग करताना यादी वाचा आणि या तीन गोष्टी वेगळ्या जोडून घ्या. तिन्ही जोडल्या तर पाचपैकी साडेचार, नाहीतर अडीच.

अल्ब्युमिन कशाला? रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. पेशंट अशक्त असेल, बरेच दिवस जेवण नीट नसेल, तर अल्ब्युमिन घसरतं आणि एकूण कॅल्शियम खोटं खोटं ‘नॉर्मल’ दिसतं. हिशोब सोपा आहे: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उत्तराला ०.८ नं गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. रिपोर्टवर कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन २.८ असेल, तर ४ उणे २.८ म्हणजे १.२, गुणिले ०.८ म्हणजे ०.९६, म्हणजे खरं कॅल्शियम ११.१६. साधारण मर्यादा ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ज्या रिपोर्टवर एकही लाल खूण नाही, त्यातच निदान दडलेलं असू शकतं ते असं.

अल्कलाइन फॉस्फटेज हा या पॅकेजमधला दुर्लक्षित हिरा. ग्रंथी वाढली पण हाड अजून फारसं झिजलेलं नाही, अशा पेशंटमध्ये ते जेमतेम वाढतं. ब्राउन ट्यूमरपर्यंत पोचलेल्यांमध्ये ते बहुधा चांगलंच वर असतं, कित्येकदा मर्यादेच्या अनेक पट. हेच एन्झाइम यकृतातूनही येतं, म्हणून सोबत गॅमा जीटी हे यकृताचं एन्झाइम बघावं. गॅमा जीटी नॉर्मल आणि अल्कलाइन फॉस्फटेज चढलेलं, तर वाढ हाडातून आहे असं धरायला हरकत नाही. अल्कलाइन फॉस्फटेजचा हा पहिला आकडा जपून ठेवा. ग्रंथी काढण्याच्या ऑपरेशननंतर त्याचं काम पडणार आहे.

फॉस्फरस पीटीएचमुळे लघवीवाटे जातं, म्हणून कमी किंवा कमीच्या काठावर असतं. एकट्या फॉस्फरसवरून काही ठरत नाही. पण कॅल्शियम वर आणि फॉस्फरस खाली ही जोडी दिसली, की पीटीएच मागवायला उशीर करू नये.

ड जीवनसत्त्व मात्र गुंता करतं. ते २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. ग्रंथीची गाठ असूनही रक्तातलं कॅल्शियम मर्यादेत राहतं आणि हाडाची झीज मात्र आणखी वेगानं होते. दुसरी बाजू अशी, की नुसती ड जीवनसत्त्वाची कमतरता असली तरीही पीटीएच वाढतं. म्हणजे कमी ड, वाढलेलं पीटीएच आणि काठावरचं कॅल्शियम एवढ्यावर कुठलाच निर्णय देता येत नाही. डॉक्टर अशा वेळी ड जीवनसत्त्व भरून काढतात आणि कॅल्शियम परत बघतात. पीटीएच खाली आलं तर दोष कमतरतेचा. कॅल्शियम वर उसळलं तर दोष ग्रंथीचा. हे औषध कॅल्शियमवर लक्ष ठेवूनच द्यायचं असतं. मेडिकलमधून साठ हजार युनिटची पाकिटं आणून स्वतःच सुरू करणं इथे महागात पडतं.

पीटीएच: तपासणी उत्तम, सॅम्पल घेणं बेभरवशाचं

‘इंटॅक्ट पीटीएच’ हीच मागवावी. साधारण मर्यादा १५ ते ६५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, लॅबप्रमाणे थोडी इकडेतिकडे. तपासणी म्हणून पाचपैकी पाच. पण एकट्या पीटीएचच्या रिपोर्टला शून्य. कॅल्शियम त्याच दिवशी, त्याच सुईतून घेतलेलं असल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

सगळ्यात मोठी चूक रिपोर्ट वाचताना होते. समजा कॅल्शियम ११.४ आणि पीटीएच ५८. लॅबचं सॉफ्टवेअर कॅल्शियमपुढे खूण करतं आणि पीटीएच नॉर्मल म्हणून सोडून देतं. घरचे म्हणतात, पीटीएच तर नॉर्मल आलं. नाही. कॅल्शियम ११.४ असताना निरोगी ग्रंथी गप्प बसते, पीटीएच २० च्याही खाली जायला हवं. ५८ म्हणजे ग्रंथी ऐकत नाहीये, आणि तोच आजार. उलट कॅल्शियम वर आणि पीटीएच तळाला असेल तर पॅराथायरॉइडचा पिच्छा सोडावा. मग कारणं शोधायची ती मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर), हाडात पसरलेला कॅन्सर, क्षयरोग किंवा सारकॉइडोसिस, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असं एक कारण म्हणजे सहा लाख युनिटची ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागोपाठ घेतलेली असणं.

आता सॅम्पल. पीटीएचसाठी जांभळ्या टोपणाची इडीटीए नळी बरी, त्यात हॉर्मोन टिकतं. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत घेतलं आणि ती गाडीवर उन्हात फिरत राहिली, तर पीटीएच हळूहळू कमी होत जातं. कॅल्शियम मात्र जांभळ्या नळीतून कधीच मोजायचं नसतं. इडीटीएचं कामच कॅल्शियमला जखडून ठेवणं. घाईत आधी जांभळी नळी भरली आणि तिच्यातला अंश पुढच्या नळीत गेला, किंवा एका नळीतलं रक्त दुसरीत ओतलं, तर कॅल्शियम धक्कादायक कमी आणि पोटॅशियम धक्कादायक जास्त येतं. असे दोन आकडे एकाच रिपोर्टवर दिसले तर घाबरण्याआधी सॅम्पल परत द्या. क्रम हा: आधी लाल-पिवळी, मग जांभळी.

घरी येऊन रक्त घेण्याची सेवा सोयीची आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही, फक्त तीन गोष्टी बघाव्यात. दंडाला पट्टी बांधून शीर शोधत मिनिटं गेली तर एकूण कॅल्शियम खोटं वाढतं, म्हणून पट्टी एका मिनिटाच्या आत सुटली पाहिजे आणि मूठ सारखी उघडमीट करायची नाही. सॅम्पल सकाळी, उपाशीपोटी. आणि सॅम्पल बर्फाच्या पिशवीसह लॅबमध्ये किती वाजता पोचणार, हे आधी विचारून घ्यावं.

केस-नखांच्या गोळ्यांचं बायोटिन हा वेगळाच घोळ. त्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं, आणि ज्या मशिनची पद्धत बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर चालते, तिथे त्यामुळे पीटीएच खोटं कमी येतं. म्हणजे ग्रंथीचा आजार असूनही रिपोर्ट ‘कॅन्सर शोधा’ असं सुचवतो. किमान दोन-तीन दिवस आधी या गोळ्या बंद ठेवा. लघवी जास्त होण्यासाठीच्या थायाझाइड गटाच्या बीपीच्या गोळ्या आणि मानसिक आजारात दिलं जाणारं लिथियम, ही दोन्ही कॅल्शियम वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, पण फॉर्मवर लिहायची.

आयोनाइज्ड, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम शास्त्रीयदृष्ट्या अधिक खरं. पण त्याचं रक्त हवा न लागता हेपॅरिनच्या सिरिंजमध्ये घ्यावं लागतं आणि लगेच मशिनवर लावावं लागतं. हवेशी संपर्क आला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्ताचा पीएच वाढतो आणि आयोनाइज्ड कॅल्शियम खोटं कमी येतं. रक्तवायूंचं मशिन असलेल्या हॉस्पिटलमध्ये ते जरूर करा, घरून सॅम्पल पाठवून नको.

चोवीस तासांची लघवी

कटकटीची तपासणी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळ तिथून सुरू. मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली डब्यात. लॅब काही वेळा डब्यात आम्ल घालून देते, तेव्हा डब्यात थेट लघवी करू नये, मगमधून ओतावी. ही तपासणी असते ती एका आनुवंशिक स्थितीला वेगळं काढायला, जिच्यात कॅल्शियम वाढलेलं असतं पण ऑपरेशन लागत नाही. गणित असं: लघवीतलं कॅल्शियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातलं कॅल्शियम गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन. लघवीत कॅल्शियम २४ आणि क्रिएटिनिन ६०, रक्तात कॅल्शियम ११.४ आणि क्रिएटिनिन ०.८ असेल, तर उत्तर ०.०२८. ०.०२ च्या वर म्हणजे ग्रंथीचा आजार, ०.०१ च्या खाली म्हणजे ती आनुवंशिक स्थिती असण्याची शक्यता.

पण खरं सांगायचं तर, ज्याच्या हाडात पोकळ्या दिसताहेत त्याच्या बाबतीत हा प्रश्न जवळपास सुटलेलाच असतो. त्या आनुवंशिक स्थितीत हाडं अशी झिजत नाहीत. मूतखड्याचा धोका समजायला ही तपासणी करा. निदान तिच्यावाचून अडवून ठेवू नका.

दोन्ही हातांचा एक्स-रे: पैसा वसूल

फिल्म आणि स्कॅनच्या सगळ्या यादीत किमतीच्या मानानं हीच तपासणी सर्वांत जास्त देते. दोन्ही हातांचा, बोटं पसरून, समोरून घेतलेला साधा एक्स-रे. बघायचं काय? तर्जनी आणि मधल्या बोटाचं मधलं पेर, आणि त्याची अंगठ्याकडची कड. निरोगी हाडात ती कड पेन्सिलीनं ओढलेल्या रेघेसारखी स्वच्छ असते. या आजारात ती कुरतडलेली, लोकरीसारखी अस्पष्ट दिसते. बोटांची टोकंही झिजतात. ही खूण इतकी खास आहे, की जबड्यातली गाठ अजून उघडलेली नसताना नुसत्या हाताच्या फिल्मवरून निदानाची दिशा ठरते.

सेवेत मात्र फरक पडतो. मोबाइलवर पाठवलेला फोटो बघून ही कड कुणी ठरवू नये. सीडी किंवा लिंकवरची मूळ डिजिटल इमेज मोठी करून बघावी लागते. रेडिओलॉजिस्टच्या चिठ्ठीवर ‘हायपरपॅराथायरॉइडिझमची शंका’ एवढे शब्द हवेतच. ‘हातदुखी’ लिहून पाठवलं तर सांधे बघितले जातात आणि कड राहून जाते.

सोबत कवटीचा बाजूनं घेतलेला एक्स-रे, ज्यात बारीक ठिपक्यांचं ‘सॉल्ट अँड पेपर’ चित्र दिसतं. ओपीजी झालेलाच असेल तर दाताच्या मुळाभोवतीची पांढरी रेघ आहे का ते बघायला सांगा. या आजारात ती पुसली जाते. इतर काही हाडांच्या आजारांतही ती जाते, म्हणून तो पुरावा एकट्यानं पुरत नाही. गळपट्टीच्या हाडाचं खांद्याकडचं टोक झिजलेलं दिसणं हाही एक धागा. ब्राउन ट्यूमर स्वतः फिल्मवर काळा, सुबक कडेचा, हाड फुगवणारा दिसतो, भोवती पांढरी किनार सहसा नसते. जबडा, बरगड्या, कंबरेचं हाड, मांडी आणि नडगी या त्याच्या आवडत्या जागा, आणि तो एकटा असेलच असं नाही.

डेक्सा, एमआरआय, बोन स्कॅन, पेट

डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) करताना एकच गोष्ट मागून घ्या: हाताचं माप. मनगटापासून वरचा एकतृतीयांश भाग, ज्याला सेंटरवाले ‘थर्टीथ्री पर्सेंट रेडियस’ म्हणतात. पीटीएच आधी हाडाचा घट्ट बाहेरचा थर खातं आणि तो थर सगळ्यात जास्त इथे असतो. कंबर आणि पाठीचा कणा एवढंच मोजून देणारं सेंटर या आजारासाठी निम्मंच काम करतं. ज्या बाजूला गाठ किंवा जुनं फ्रॅक्चर आहे, तो हात किंवा तो खुबा मोजू नये. आणि डेक्साच्या रिपोर्टवरून ब्राउन ट्यूमर आहे की नाही हे कळत नाही, ती अपेक्षाच ठेवू नका.

एमआरआय गाठीचा आवाका दाखवतो, मणक्यातल्या गाठीनं मज्जारज्जू दाबला जातोय का हे बघायला तो लागतोच. निदानाच्या बाबतीत मात्र तो गोंधळवतो. आत द्रवाचे थर दिसले तर एन्युरिस्मल बोन सिस्टची (हाडातली रक्तानं भरलेली पोकळी), नाहीतर जायंट सेल ट्यूमरची (मोठ्या पेशींची हाडाची गाठ) शंका लिहून येते.

पेट स्कॅनबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण घरच्यांची झोप उडते ती त्या रिपोर्टनं. ब्राउन ट्यूमर एफडीजी (पेट स्कॅनसाठी शिरेतून देतात ती किरणोत्सर्गी साखर) जोरात घेतो. सहा-सात हाडांत चमकणारे ठिपके, रिपोर्टवर ‘मेटास्टॅसिसची (पसरलेल्या कॅन्सरची) दाट शक्यता’, आणि मूळ कॅन्सर मात्र कुठेच सापडत नाही. असा रिपोर्ट हातात असेल आणि कॅल्शियम तपासलेलं नसेल, तर पुढची एंडोस्कोपी, मॅमोग्राफी सगळं बाजूला ठेवून आधी कॅल्शियम आणि पीटीएच. एमडीपी हे किरणोत्सर्गी औषध देऊन केलेल्या बोन स्कॅनमध्ये वेगळं चित्र दिसतं: सगळा सांगाडा, विशेषतः कवटी, जबडा आणि छातीचं हाड गडद, आणि मूत्रपिंडं मात्र फिकट. हे चित्र ओळखीचं असलेल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरला निदान सुचतं, नसलेल्याला कॅन्सर. पहिल्या फेरीत दोन्ही स्कॅनना पाचपैकी दोन.

बायॉप्सी

पॅथॉलॉजिस्ट कितीही चांगला असो, नुसत्या काचेवरून त्याला हा प्रश्न सुटत नाही. अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी, लांबट पेशींचं जाळं, रक्तस्राव, लोहाचे तपकिरी कण: ब्राउन ट्यूमरमध्ये हे असतं, जबड्याच्या जायंट सेल ग्रॅन्युलोमामध्येही असतं, आणि हाडाच्या जायंट सेल ट्यूमरमध्येही बरंचसं असंच. चांगली लॅब म्हणून रिपोर्टखाली एक ओळ लिहिते: ‘कॅल्शियम आणि पीटीएच तपासावे’. ही ओळ असणं हाच लॅबच्या दर्जाचा निकष मानावा. एच३ जी३४डब्ल्यू हे स्टेनिंग (तुकड्याला खास रंग देऊन केलेली तपासणी) पॉझिटिव्ह आलं तर कौल जायंट सेल ट्यूमरकडे झुकतो. पण तेही सगळीकडे उपलब्ध नाही. वय आणि जागा मदत करतात. जायंट सेल ट्यूमर साधारण २० ते ४० वयात, लांब हाडाच्या सांध्यालगतच्या टोकाला, बहुधा एकटा. जबड्यात किंवा एकाहून अधिक ठिकाणी असेल तर पॅराथायरॉइडचा विचार आधी.

रक्त न तपासता चाकू लावला तर दोन धोके. या गाठीत रक्तवाहिन्या भरपूर, जबड्यात रक्तस्राव आवरणं कठीण जातं. आणि कॅल्शियम १४ च्या वर असेल तर भूल देताना हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय गाठ खरवडून काढली तरी ग्रंथी तशीच आहे, म्हणजे काही महिन्यांत तिथे किंवा दुसरीकडे पुन्हा गाठ. कॅल्शियम १४ च्या वर, सोबत उलट्या, ग्लानी, सारखी तहान असेल, तर तपासण्यांचा क्रम विसरून थेट हॉस्पिटल गाठा.

एक अपवाद जबड्याबाबत. तरुण वयात ग्रंथीचा आजार आणि जबड्यात गाठ असेल, तर सीडीसी७३ या जनुकातल्या दोषामुळे होणारा जबड्याच्या गाठीचा सिंड्रोम असू शकतो. ती गाठ ब्राउन ट्यूमर नसते, ऑसिफाइंग फायब्रोमा असते, आणि ग्रंथी काढल्यावरही ती विरघळत नाही. त्या कुटुंबात पॅराथायरॉइडच्या कॅन्सरचा धोकाही असतो. इथे बायॉप्सी आणि जनुक तपासणी दोन्ही लागतात.

सेस्टामिबी स्कॅन आणि गळ्याची सोनोग्राफी

लोक सेस्टामिबी निदानासाठी करून घेतात. तिचं काम निदान नाही, पत्ता शोधणं आहे. रक्तानं निदान ठरलं, ऑपरेशन ठरलं, मग सर्जनला कुठल्या बाजूनं जायचं हे सांगायला हा स्कॅन. टेक्नेशियम लावलेलं औषध, साधारण २० ते २५ मिलिक्युरी, शिरेतून देतात. १०-१५ मिनिटांनी पहिली चित्रं, दीड ते तीन तासांनी दुसरी. थायरॉइडमधून औषध निघून जातं, वाढलेल्या ग्रंथीत टिकून राहतं, कारण तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात.

सेंटर निवडताना विचारा: स्पेक्ट-सीटी (त्रिमितीय चित्रं देणारा स्कॅन) आहे का, आणि चित्र जबड्यापासून हृदयापर्यंत घेता का? ग्रंथी छातीतही सापडते. कॅप्टन चार्ल्स मार्टेल या अमेरिकी दर्यावर्दीच्या गळ्याची ऑपरेशनं पुन्हा पुन्हा झाली, आणि १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनात ग्रंथीची गाठ छातीत सापडली. तोवर हाडं खचून त्यांची उंची कित्येक इंच कमी झाली होती. आज नुसती सपाट चित्रं, तीही फक्त गळ्याची, घेणारं सेंटर याच चुकीला निमंत्रण देतं.

थायरॉइडची गाठ असेल तर स्कॅन खोटा पॉझिटिव्ह येतो, छोटी ग्रंथी किंवा एकाहून अधिक ग्रंथी वाढल्या असतील तर खोटा निगेटिव्ह. निगेटिव्ह स्कॅननं रक्तानं दिलेलं निदान रद्द होत नाही, हे काही डॉक्टरांनाही सांगावं लागतं. ब्राउन ट्यूमरही हेच औषध घेतो, म्हणून जबड्यात किंवा बरगडीत चमक दिसली तर ती ग्रंथी समजू नये.

सोनोग्राफी स्वस्त, किरणोत्सर्गाशिवाय, आणि पूर्ण करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. थायरॉइडच्या मागे गडद, लांबट गाठ आणि एका टोकातून आत शिरणारी रक्तवाहिनी एवढं वर्णन रिपोर्टमध्ये असेल तर रिपोर्ट विश्वासाचा. श्वासनळीच्या मागे आणि छातीच्या हाडाखाली सोनोग्राफी पोचत नाही. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी एकच जागा दाखवत असतील तर पुढे पैसे घालवू नका. दोन्ही जुळत नसतील, किंवा आधी एक ऑपरेशन फसलं असेल, तरच फोर-डी सीटी किंवा फ्लोरोकोलिन पेट हे पुढचे स्कॅन. फोर-डी सीटीला कॉन्ट्रास्ट लागतो, आणि या आजारात मूत्रपिंडं आधीच थकलेली असू शकतात, म्हणून क्रिएटिनिन बघूनच.

डायलिसिसवरचे पेशंट

हाड तेच, गणित वेगळं. मूत्रपिंड निकामी झाल्यावर फॉस्फरस साचतं, कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी राहतं आणि चारही ग्रंथी मिळून पीटीएच शेकड्यांत, कधी हजारांत नेतात. एक्स-रेत मणक्यांवर रग्बीच्या जर्सीसारखे आडवे पट्टे. यांच्यासाठी १५ ते ६५ ही मर्यादा वापरून घाबरू नये. डायलिसिसवर मर्यादेच्या दोन ते नऊ पट हा स्वीकारार्ह टप्पा धरतात. यांची तपासणी किडनीच्या डॉक्टरांच्या हातात राहू द्यावी, बाहेरचं पॅकेज नको.

ऑपरेशननंतरच्या तपासण्या

ऑपरेशन चालू असतानाच पीटीएच मोजणारी सोय असलेलं हॉस्पिटल मिळालं तर ते निवडा. पीटीएच रक्तात फक्त काही मिनिटं टिकतं, म्हणून गाठ काढल्यावर १० मिनिटांत ते निम्म्याहून खाली आलं की सर्जन निर्धास्त गळा शिवतो.

हाडं पोखरलेल्या पेशंटमध्ये त्यानंतरच खरी कसोटी लागते. उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम शोषायला लागतात. पहिल्या दोन ते चार दिवसांत कॅल्शियम तळाला जातं. ओठांभोवती मुंग्या, बोटांत पेटके. पहिल्या रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फटेज जितकं जास्त, तितकी ही घसरण खोल. म्हणून आकडा जपा म्हटलं होतं. या दिवसांत कॅल्शियम दिवसातून दोनदा तपासणारं आणि शिरेतून कॅल्शियम देण्याची तयारी असलेलं हॉस्पिटल हवं. दुसऱ्या दिवशी घरी सोडण्याचं पॅकेज अशा पेशंटनं घेऊच नये.

ब्राउन ट्यूमर ऑपरेशननंतर आपोआप भरू लागतो, काळ्या पोकळीच्या जागी पांढरं हाड येतं. फार मोठी गाठ किंवा मोडलेलं वजनवाहू हाड असेल तरच ऑर्थोपेडिक सर्जनची गरज. पहिला तुलनेचा एक्स-रे तीन ते सहा महिन्यांनी काढतात. तो शक्य तितका त्याच सेंटरवर, त्याच कोनातून काढा, जुनी सीडी सोबत न्या आणि त्याच दिवशी अल्कलाइन फॉस्फटेज परत करा.